सतराचं गुलाबी डोकं

लॅबमध्ये फसलेला प्रयोग वहीत जातो आणि जमलेला साहेबांच्या भाषणात. किस्से मात्र कुणीच नोंदवत नाही, म्हणून ते चहाच्या टेबलावर साचत राहतात!

आमची लॅब चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. खाली खोक्यांचा कारखाना, वर आम्ही. काम काय, तर पाळीव बदकाच्या जनुकांत फेरफार करून एका नामशेष बदकाचं गुलाबी डोकं परत आणायचं. आईला फोनवर हे अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "नुसतं डोकं? मग बदक कुठे परत आलं गं?"

मी हाच प्रश्न साहेबांना विचारला, तर त्यांनी तो पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात टाकला.

*

एक पिल्लू मात्र जमलं! प्राण्यांना नावं द्यायची नाहीत हा नियम, म्हणून अंड्याचा नंबरच चिकटला: सतरा. पिसं फुटली आणि डोकं मस्त गुलाबी. साहेबांनी केक आणला. आम्ही केक खात होतो, तेव्हा बाकीची बदकं सतराला चोची मारत होती.

*

सतराला वेगळं ठेवलं, तर तिने खाणंच सोडलं. आमचा निखिल म्हणाला, "आरसा ठेवू यार, कंपनी मिळेल." झकास आयडिया! सतराने आरशात पाहिलं, ओरडली आणि धावत आरशाच्या मागे गेली. मागे भिंत. दुपारभर ती तिथेच उभी होती. संध्याकाळी निखिलने गुपचूप आरसा उचलला.

*

बदकांची देखभाल परबकाकांकडे. मूळचे मालवणचे, काकू गेल्यापासून एकटेच. एके सकाळी पाहते तर काका पिंजऱ्यात बसलेले, डोक्याला काकूंचा गुलाबी स्कार्फ, आणि सतरा त्यांच्या मांडीला टेकून दाणे खातेय!

"काका, हे काय?"

"तिका वाटाक नको, आपण एकटीच आसा म्हणान."

मी खूप हसले. मालाडला घरी येऊन एकटीच जेवायला बसले, आणि आईला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

*

गेल्या महिन्यात काका रिटायर झाले. निरोपाला आम्ही शाल दिली. त्यांनी पिशवीतून गुलाबी लोकरीच्या टोप्या काढल्या, प्रत्येकाला एक, आणि वार वाटून दिले. "रोज एकान टोपी घालून तिच्या सोबतीक बसूचा. सोमवार साहेबांचो."

साहेबांनी टोपी घालून पाहिली. सतरा आता नीट खाते.

माझा वार गुरुवार. टोप्या लॅबमध्येच ठेवायच्या, असं ठरलंय.

माझी घरी असते, जेवणाच्या ताटाशेजारी.