गवंड्याने फोडलेला स्लॅब

वसईकडच्या वटार गावात, आमच्या आळीत पहिला स्लॅब पडला तो व्हॅलेरियन गवंड्याच्या स्वतःच्या घरावर. साल ऐंशी असावं.

त्याआधी तीस वर्षं त्याने चुन्यात भिंती बांधल्या, कौलं चढवली. समुद्राकडचा वारा कुठून आत घ्यायचा आणि कुठून बाहेर काढायचा, हे त्याला न मोजता कळायचं. पण लोक सिमेंटची घरं मागू लागले. "गवंडी स्वतः कौलाखाली, आणि आमच्या डोक्यावर स्लॅब टाकणार!" असं कोणीतरी चर्चबाहेर म्हणालं. ते त्याला लागलं. उतरवलेली कौलं त्याने शेजारच्या अँजेलिनामावशीला गोठ्यासाठी देऊन टाकली. पश्चिमेची खिडकी बुजवून तिथे शोकेस केलं. शोकेसमध्ये ठेवायला घरात काचेचे चार पेले निघाले.

धंदा मात्र वाढला. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की लोक घर बघायला येत.

चार वर्षांनी त्याच्या बायकोला, पॉलिनला, अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, बोलणं तेवढं राहिलं. ती त्याच शोकेसच्या खोलीत खाटेला खिळली. मार्च लागला तसा स्लॅब दिवसभर ऊन प्यायचा आणि दिवेलागणीनंतर ते तिच्या अंगावर ओकायचा. पंखा तीच गरम हवा ढवळायचा. तिच्या पाठीला फोड आले. डॉक्टर म्हणाले, "अंग कोरडं राहिलं नाही तर जखमा चिघळतील."

व्हॅलेरियनने स्लॅबवर पाणी मारलं, पेंढा पसरला. फरक पडला नाही. एका दुपारी पॉलिन म्हणाली, "मला मावशीच्या गोठ्यात नेऊन ठेवा."

"गोठ्यात?"

"गाई बघा कशा डोळे मिटून रवंथ करतात. मी काय त्यांच्याहून वाईट?"

स्लॅब फोडला तर गवंड्याचं नाव जाणार होतं, आणि ठेवला तर बायको. दुसऱ्या सकाळी तो मावशीच्या दारात उभा राहिला.

"मावशी, कौलं परत पायजेत."

"कोनासाठी?"

"माझ्याच घरासाठी."

"अगो बाय! स्लॅबशेट, मग रविवारी लोकांना काय दाखवशील?"

"जिवंत पॉलिनला."

मावशीचं हसू तिथल्या तिथे गेलं. "जा, शिडी आन," ती म्हणाली.

गाईंसाठी त्याने झावळ्यांचं छप्पर घालून दिलं. पॉलिनला मावशीच्या ओटीवर हलवलं आणि घण उचलला. अकरा दिवस लागले. आपण बांधलेलं किती मजबूत असतं, ते त्याला फोडताना कळलं. बघे कुंपणाला टेकून विचारत, "काय रे वालू, माल खराब लागला का?"

"माल चोख होता. गवंडी चुकला."

ठरलेली दोन कामं दुसऱ्याकडे गेली. त्याने फुटक्या स्लॅबचे तुकडे वाडीच्या चिखलवाटेत दाबले, घरावर पुन्हा कौलं चढवली, खिडकी मोकळी केली, सिमेंट खरवडून भिंतींना चुना लावला.

पॉलिनला आत आणलं तेव्हा मे अर्धा सरला होता. दुपारी तीनच्या सुमाराला ती डाव्या हाताने काहीतरी चाचपू लागली.

"काय पाहिजे?"

"चादर. पायांवर टाका. वारं लागतंय."

त्याने चादर टाकली आणि नीट खोचली. त्या कौलांखाली पॉलिन आणखी दोन उन्हाळे जगली.