बंपरच्या मागे

गॅरेजात माझ्या स्वस्तातल्या गाडीशेजारी एक महागडी गाडी उभी होती. दोघी दिसायला जुळ्या. माझ्या गाडीच्या कंपनीने तिची नक्कलच केली होती, आणि मी ती कौतुकाने मिरवायचो. मिस्त्रींनी दोन्हींचे बंपर उतरवले. महागडीच्या बंपरमागे धडक झेलणारा जाडजूड लोखंडी पट्टा होता. माझ्या गाडीत त्या जागी नुसती पोकळी.

"आमचा पट्टा कुठे गेला?"

"साहेब, तो कंपनीनंच दिलेला नाही."

नक्कल करणाऱ्याने दिसणारं सगळं हुबेहूब उतरवलं होतं, न दिसणारं तेवढं सोडून दिलं होतं. पुढच्या सीटवर रोज माझी मुलगी बसते.

पायाशी पडलेल्या बंपरला मी दर शनिवारी बांधतो ती लिंबू-मिरची होती. तीन वर्षं समोरून येणाऱ्या ट्रकच्या आणि मुलीच्या मध्ये तेवढीच काय ती होती.