हाताचा वास

ग्वामच्या गव्हर्नरपदाचे दोन्ही उमेदवार एन्ग्रासियामावशीच्या दारी आले. थोरांना मान द्यायच्या बेटाच्या रीतीप्रमाणे दोघांनी तिच्या हाताला नाक लावून तो हुंगला. पहिल्याचं नाक हातावर होतं, पण डोळा कॅमेऱ्यावर. दुसरा फेलिक्स. तो डोळे मिटून श्वास घेत राहिला, जणू समुद्राच्या तळाशी उतरला.

"मावशी, नारळाच्या दुधातली केळी?"

"मेल्या, मत मागायला आलायस की जेवायला?"

मत मात्र तिनं त्यालाच दिलं. फेलिक्स सपशेल पडला.

पुढच्या रविवारी मावशी दारात पेंगत होती. स्वप्नात लाटांवर केळी तरंगत होती. हाताला कुणाचा तरी ऊबदार श्वास लागला. डोळे न उघडताच ती पुटपुटली, "निवडणूक संपली, बाबा."

फेलिक्स म्हणाला, "आज मासळी ना, मावशी?"