रंगाच्या दोन पुड्या

ठमाबाईचा कुणावर म्हणून विश्वास नाही. दूधवाल्याचं माप ती स्वतःच्या पेल्यानं मोजते. देवळ्याच्या डॉक्टरनं दिलेली गोळी आधी शेजारच्या फुलाबाईला दाखवते, आणि फुलाबाईनं बरी आहे म्हटलं की तिच्यावरच संशय घेते. अशा बाईच्या विहिरीच्या वरच्या अंगाला ग्रामपंचायतीनं गावचं सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या बांधल्या. मग काय विचारता!

टाक्या तीन. आत खडी आणि कर्दळ. गटारीचं पाणी एकीकडून शिरायचं आणि दुसरीकडून निवळून चिंचेच्या रोपांना जायचं. देखरेखीला गावातलीच योगिनी, अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून आलेली. ठमाबाईनं तेवढंच धरलं. "चांगली नोकरी सोडून घाणीपाशी कोण बसतं? काहीतरी काळंबेरं हाय."

गावानं न्हाणी-संडासाचे पाइप गटारीला जोडले. ठमाबाईनं नाही. "आमचं पाणी पंचायतीला फुकट का द्यायचं? उद्या आमालाच विकतील." तिनं नाथा गवंड्याकडून परसात, विहिरीपासून दहा पावलांवर, खड्डा खणून घेतला. नाथा म्हणाला, "मावशी, विहीर लय जवळ हाय." तिला वाटलं, हाही पंचायतीला फितूर!

त्या उन्हाळ्यात नात दोनदा जुलाबानं दवाखान्यात पडली. दुसऱ्या वेळी पोरीचे डोळे खोल गेलेले बघून सून उज्वलानं तिला उचललं आणि माहेर गाठलं. "विहिरीचं पाणी साफ झाल्याबिगर मी पोरीला आणायची नाय, आत्या." घर खायला उठलं.

ठमाबाईला गुन्हेगार माहीतच होता, वरच्या टाक्या. रंगपंचमीच्या पक्क्या रंगाच्या दोन पुड्या उरल्या होत्या, एक गुलाबी, एक जांभळी. टाकीतलं पाणी विहिरीत झिरपतं हे दाखवायला गुलाबी तिनं भर दुपारी टाकीत ओतली. गावभर बोभाटा झाला. ठमाबाई मात्र रोज विहिरीवर वाकायची. आठ दिवस झाले, पंधरा झाले, पाणी होतं तसंच.

योगिनी भांडली नाही. विहिरीच्या काठाला बसून म्हणाली, "आजी, दुसरी पुडी तुमच्या संडासात टाका."

"म्हणजे तुझं पाप माझ्या माथी?"

"पुडी तुमची, हात तुमचा. मी इकडं फिरकायची पण नाय."

ठमाबाईनं पुडी ओतली, वर चार बादल्या पाणी. आणि कुणी गुपचूप विहिरीत रंग कालवेल म्हणून काठालाच बाज टाकून राखण बसली. कुणीही आलं नाही.

तिसऱ्या सकाळी बादली वर आली. पाणी फिकट, पण जांभळं. तिनं ते फेकलं, दुसरी काढली. तीही तशीच. "अगं बाई गं!" 'पी गं माझे माय, आपल्या घरचं पाणी बरं' म्हणत नातीला ह्याच बादलीतलं भांडं भरून द्यायची ते आठवलं, आणि तिला रडू फुटलं.

दुपारी नाथानं पाइप गटारीला जोडला. सांधा ठमाबाईनं दोनदा चाचपला. सवय कुठं जाते! मग उज्वलाला फोन लावला.

"पोरीला एवढ्यात आणू नको."

"पाणी अजून खराब हाय?"

"हाय. होईल साफ. योगिनी सांगंल तवा आण."

"योगिनी? आणि तुमी, आत्या?"

"मी सांगितलं तर ऐकू नको."