स्टॉपवर थांबणारा जुनैद

आमच्या शेलूबाजारच्या फाट्यावर इंग्रजी बोर्डांची कमी नाही. सरकारने ते लावले आणि आम्ही ते पत्ता सांगायला वापरायला घेतले. "नो पार्किंगवर उभा राय, मी आलोच," असं माणूस फोनवर सांगतो, कारण काळ्या-पिवळ्या जिपा नंबराने उभ्या राहतात त्या नेमक्या त्याच बोर्डाखाली. पुढच्या वळणाचं नाव डायव्हर्शन. तिथल्या पुलाचं काम कधीच संपलं, बोर्ड तेवढा राहिला, आणि म्हाताऱ्या बाया जीपवाल्याला बजावतात, "मले डायव्हर्शनले उतरून देजो बापा." ॲक्सिडेंट झोनच्या खांबाला टेकून उसाच्या रसाची गाडी लागते. यातला एखादा बोर्ड उद्या कुणी उपटून नेला तर निम्मं गाव रस्ता चुकेल. पण बोर्डाचं ऐकायचं असतं, हे काही कुणाच्या डोक्यात येत नाही.

गावातला रस्ता हायवेला मिळतो तिथे स्टॉपचा बोर्ड आहे, लालभडक, आठ कोपऱ्यांचा. कारंज्याला जाणारी जीप तिथून उजवीकडे वळते, आणि डाव्या बाजूने येणारं वाहन गोदामाच्या भिंतीमुळे अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. माझं बी-बियाण्याचं दुकान समोरच आहे. तिथे कोण कोण आपटलं, ते मी गल्ल्यावर बसल्या बसल्या पाहिलेलं आहे.

त्या बोर्डापाशी गाडी पूर्ण थांबवून, दोन्हीकडे पाहून मग पुढे जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, जुनैद. त्याला आमच्या गावाने कसा सरळ केला, ते सांगतो.

सैफुद्दीनभाई जीपवाल्यांचा हा मुलगा मस्कतला टँकर चालवायचा. उंच, हळू बोलणारा, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणारा. बापाला लकवा मारला तशी तो नोकरी सोडून परत आला आणि बापाची जीप चालवायला लागला. घरात खाटेवर पडलेला बाप, बायको कुलसुम, आणि दारात ही एक जीप. ती चालली तर चूल पेटणार, दुसरा काही आधार नव्हता.

पहिल्याच दिवशी भरलेली जीप घेऊन तो बोर्डापाशी आला आणि थांबला.

"काय झालं बे? बंद पडली का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाही भाऊ. बोर्ड हाय."

"कायचा बोर्ड?"

"थांबा म्हनून लिवलं हाय."

जीपमध्ये असा हशा पिकला की माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन पाहायला लागली. मागे जगदेवची जीप होती. जगदेव म्हणजे जीप लायनीचा म्होरक्या. कुणाची गाडी केव्हा भरायची ते तोच ठरवतो. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. जुनैदने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं, आणि सावकाश गाडी काढली.

त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं सिग्नल. नाव जगदेवनेच ठेवलं. मग काय, गावाला खेळणंच मिळालं. तो पायी निघाला की टपरीवरची पोरं पोलिसासारखा हात आडवा करून शिट्टी मारायची, आणि तो हसून बाजूने जायचा. एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याने त्याच्या पत्रावळीपाशी बादली रोखून धरली आणि म्हणाला, "सिग्नल लाल हाय, अजून वाढता येत नाही." पंगत खोखो हसली. त्या बिचाऱ्याने रिकाम्या पत्रावळीकडे पाहत पाणी पिऊन घेतलं. आमच्या गावाला एखाद्याची टर उडवायला घेतली की मग पोटाला तडस लागेपर्यंत सोडवत नाही.

हळूहळू लोक त्याच्या जिपेतून उतरून मागच्या जिपेत बसायला लागले. दाटीवाटीने बसू, टपावर बसू, पण सिग्नलच्या गाडीत नको. एकट्या ललिताबाई त्याला धरून राहिल्या. त्या कारंज्याला लेकीकडे जायच्या. गुडघे गेलेले, हाडं कुरकुरणारी. पुढच्या सीटवर ऐसपैस बसून म्हणायच्या, "याच्या गाडीत माह्ये गुडघे नाही दुखत. बाकीचे मेले धान्याच्या कट्ट्यासारखे फेकत नेतात." पण एका म्हातारीने जीप भरत नाही.

एके सकाळी जगदेवने त्याला माझ्या दुकानासमोरच गाठलं.

"हे पाय जुनैद, तू थांबतो अन् मांगच्याले बिरेक मारा लागते. सगळे चालतात तसा चाल. नाही तं उद्यापासून लायनीत नंबर नाही."

"थांबाले कितीक वेळ लागते, जगदेवभाऊ?"

"वेळाचं नाही रे." जगदेव मग खरं ते बोलून गेला. "तू थांबतो म्हनजे आमी सगळे येडे हावो का?"

जुनैद त्याही फेरीला बोर्डापाशी थांबला. जगदेवने नंबर बंद केला आणि जीप दारात उभी राहिली. सैफुद्दीनभाईंचं औषध आणायला कुलसुम शेजाऱ्यांकडे हात पसरायला लागली. ती जुनैदला काय म्हणाली ते त्यानेच मला सांगितलं. "सारी दुनिया निकल जाती, तुमीच अकेले कायको रुकते? बोर्ड क्या तुमारे बाप को दवा पिलाता?" सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, समोरच्या त्या लाल बोर्डाकडे पाहत होता.

बाजाराच्या दिवशी तो जगदेवपुढे जाऊन उभा राहिला. "नाही थांबत," म्हणाला.

जगदेवने खुशीत येऊन त्याला पहिला नंबर दिला. गंमत पाहायला म्हणून लोक मुद्दाम त्याच्या जिपेत चढले. जीप खच्चून भरली, दोघं-तिघं मागे लोंबकळले. ललिताबाई नेहमीप्रमाणे पुढे, मांडीवर पिशवी घेऊन. टपरीवरची पोरं टाळ्या पिटत होती, "आज सिग्नल हिरवा हाय रे!" मीसुद्धा दाराशी येऊन उभा होतो. खोटं कशाला बोलू, मलाही पाहायचं होतं.

जीप बोर्डापाशी आली. मागचा लाल दिवा लागला. सवयच ती, पाय आपोआप गेला असणार.

"ए सिग्नल!" आतून एकच गिल्ला झाला.

दिवा विझला. जीप हायवेवर गेली आणि भिंतीआडून गिट्टीचा टिप्पर आला.

ललिताबाईंच्या बाजूचा पत्रा पहार घालून वाकवावा लागला, तेव्हा त्या निघाल्या. त्या जागीच गेल्या होत्या. बाकीच्यांचे हातपाय मोडले, जुनैदचं कपाळ फाटलं. तो रस्त्यावर बसून त्या माउलीची पिशवी छातीशी धरून होता आणि त्याच्या डोक्यावर उभा राहून जगदेव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, "एवढा मोठा बोर्ड दिसला नाही याले? आंधळा हाय का?" जिपेत सगळ्यात मोठ्याने ओरडलेला पोरगा मोडलेला हात धरून सांगत होता, "आमी तं म्हनून राह्यलो होतो, थांब थांब म्हनून." तिथे सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या सगळ्यांच्या थोबाडात द्यावीशी वाटली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या फाट्यावर अपघात झाला की जबाबात घालायचं एक वाक्य आमच्याकडे ठरलेलं आहे. 'सदर बोर्ड इंग्रजीत असल्याने मला समजला नाही.' कायद्यात त्याने काय फरक पडतो देव जाणे, पण दोष बोर्डाच्या गळ्यात जातो आणि माणूस मोकळा झाल्यासारखा वाटतो. ट्रकवाल्यांनी ते लिहून दिलं, मोटरसायकलवाल्यांनी लिहून दिलं. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एका सरांनी म्हशीला धडक दिली तेव्हा त्यांनीही तेच लिहून दिलं. ठाण्यातला जमादार तर ते आधीच लिहून ठेवतो, नाव तेवढं नंतर घालतो.

जुनैदचा जबाब झाला तेव्हा पंच म्हणून मी ठाण्यात होतो, जगदेवही होता. जमादाराने कागद वाचून दाखवला. ते वाक्य आलं आणि डोक्याला पट्टी बांधलेला जुनैद म्हणाला, "सायेब, मले इंग्रजी येते."

जमादाराने वर पाहिलं.

"बोर्ड मले दिसला. मी वाचला. पाय बिरेकवर होता, मंग काढला."

"काहून काढला?"

जुनैदने जगदेवकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या कागदाकडे पाहायला लागलो. मग जगदेवच पुढे झाला. "डोक्याले मार हाय सायेब, काहीबी बरळते."

जमादार वाईट माणूस नव्हता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे लिवलं, तं तू जानूनबुजून बाई मारली असं होते. आत जाशीन. बाप खाटीवर हाय ना तुह्या? कोन पाहीन त्याले?" दाराशी कुलसुम उभी होती. ती तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि एवढंच म्हणाली, "कर दो जी."

जुनैदने पेन घेतलं आणि सही केली.

जमादाराने कागद ओढून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "इंग्रजी येत नाही असं मी वर लिवून राह्यलो, अन् तू खाली इंग्रजीत सही ठोकतो?"

"तीच सही हाय सायेब माही. पासपोर्टवर बी तीच हाय."

जमादाराने कागद फाडला आणि सगळा जबाब पुन्हा लिहून काढला. तोवर आम्ही खाली मान घालून बसलो होतो. लिहून झाल्यावर जुनैदने विचारलं, "उर्दूत करू?"

"काई करू नको बाप्पा. अंगठा लाव."

जुनैदचा हात हलेना. शेवटी जगदेवने त्याचं मनगट पकडलं, अंगठा शाईच्या डबीत दाबला, कागदावर टेकवला आणि पाठीवर थाप मारली. "आता झाला तू आमच्यातला. गाडी दुरुस्त झाली का पयला नंबर तुहा." तो हे मनापासून म्हणत होता, आणि याचीच मला जास्त किळस आली.

बाहेर बाकड्यावर ललिताबाईंचा मुलगा प्रज्वल बसला होता. मोठ्या माणसांनी समजूत घालून त्याला गप्प केलं होतं, आत काय चाललंय ते त्याला ठाऊक नव्हतं. जुनैद त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. माफी मागायची असावी, त्याने हात जोडले. प्रज्वल त्याच्या निळ्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"तुले सही येत नाही?" त्याने विचारलं.

जुनैद म्हणाला, "नाही."