पलंगाभोवतीची वायर

माइकचा धंदा करणाऱ्याला जन्मभर एकाच गोष्टीचा वैताग असतो. माइकची वायर विजेच्या वायरीला खेटून टाकली की लाइनची गुणगुण तिच्यात न विचारता घुसते आणि भाषण सुरू होण्याआधीच स्पीकर 'हंऽऽ' करत बसतो. सौंसरपासून लोधीखेड्यापर्यंतच्या मांडवांत यावरून मी किती जणांवर डाफरलो असेन, देव जाणे. या भानगडीने कुणाचं भलंही होत असेल, असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

भलं आमच्या घरातच होत होतं. आईला कमी ऐकू येतं. तिच्या कानाच्या मशीनला एक बारीक खटका आहे. तो 'टी'वर केला की मशीन खोलीतला आवाज सोडून देतं आणि फोनच्या रिसीव्हरमधल्या कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पकडतं. त्यामुळे घरच्या जुन्या फोनवर तिला पलीकडचा शब्दन् शब्द कळायचा. तिगावची मावशी, म्हणजे तिची थोरली बहीण, रोज दुपारी फोन करायची. कापूस किती निघाला, संत्र्याला बहार कसा आला, कुणाची सून कशी निघाली. जेवणं थंड व्हायची, पण दोघी हटायच्या नाहीत.

मग रस्ता रुंद झाला, जमिनीतली फोनची केबल तुटली आणि ती जोडायला कोणी आलं नाही. आम्ही आईला मोबाइल दिला. त्याचं तसं क्षेत्र मशीनला पुरेसं मिळत नव्हतं, त्यामुळे तिला नुसती खरखर यायची. "तूच बोल बाप्पा, मले काही समजत नाही," म्हणून ती तो माझ्या हातात द्यायची. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिचं तिगावला जाणंही बंद झालं होतं. बहिरेपण वाढलं, असं आम्ही धरून चाललो. 'टी'वर केलं की ट्यूबलाइट गुणगुणते, असं ती एकदा म्हणाली, तेव्हा आम्ही तिची थट्टा केली. जिच्याशी उभा जन्म भांडलो ती गुणगुण मला घरात ओळखता आली नाही, याची हळहळ अजून जात नाही.

गेल्या हिवाळ्यात मी अंगणात गाणं लावून एक स्पीकर तपासत होतो. त्याच्या जास्तीच्या वायरीची गुंडाळी आईच्या पलंगाखाली सरकवलेली होती. अंगणात ढोल वाजला तरी जिला कळत नाही, ती आई आतून म्हणाली, "कोन गाऊन राहिली रे? लय साफ येऊन राहिलं." मशीनचा खटका 'टी'वर राहून गेला होता. वायरीतून चाललेलं गाणं थेट तिच्या कानात उतरत होतं.

त्याच दिवशी मी पलंगाभोवती वायरीचे वेढे दिले, टोकं लहान अॅम्प्लिफायरला जोडली आणि तिगावला मोबाइल लावला. "आताशा तिच्या ध्यानात राहत नाही दादा, पन देतो," मावशीचा मुलगा म्हणाला. मी मोबाइलचा आवाज अॅम्प्लिफायरमध्ये सोडला आणि मोबाइल आईच्या तोंडाशी धरला.

"बाई, मी बोलून राहिली. तुही लहानी, सौंसरची."

पलीकडून मावशी म्हणाली, "सौंसरची? ते तं मेली ना वं. मी किती येळा म्हनलं, आईले फोन दे. तिचा पोरगा म्हने, आई बरी हाय. बरी असती तं बोलली नसती काय? मरन लपवून राहिले माह्यापासून."

मी वायर उपटायला हात घातला. आईने तो घट्ट धरला. तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. डोळे पुसून ती मोबाइलकडे वाकली आणि परक्या बाईसारखं म्हणाली, "कशी होती जी ते, तुमची बहीन?"

मावशी सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. आईने एकदाही "काय?" म्हणून विचारलं नाही.