हिरवी बाटली लवंडली त्याची गोष्ट

मी जे सांगणार आहे ते अगदी असंच घडलं का, याची मला खात्री नाही. दोन पदव्या, वर डॉक्टरेट, तरी कोण काय बोललं यात माझी गफलत होते. बायको म्हणते, "तुमचे किस्से दरवेळी थोडे वाढतात." वाढणारच! नगररचनेत आयुष्य गेलं. नाशिक वाढलं तसे किस्सेही वाढत हद्दीबाहेर गेले.

आमचं काम सोपं वाटतं: पुढच्या वीस वर्षांत माणसं कुठे राहतील, ते आज कागदावर ठरवायचं. मला त्याची कायम धास्ती. चूक माझी व्हायची आणि पाणी दुसऱ्याच्या घरात शिरायचं!

*

नकाशात घरांची जागा पिवळी, बागेची गडद हिरवी. रंग भरायचे सोनवणे, आमचे ड्राफ्ट्समन, सटाण्याकडचे. काहीही मत विचारलं की एकच उत्तर, "मी फक्त रंग भरतो, सर."

हद्दीवरच्या गावातले एक बाबा दर महिन्याला येत. "सायेब, आमच्या जमिनीला हळद कधी लागायची?"

मी तासभर समजावलं. रस्ते, पाणी, ड्रेनेज, सगळं! बाबांचा चेहरा कोराच. शेवटी सोनवणे ब्रश धुता धुता आपल्या अहिराणीत म्हणाले, "पोर न्हानी शे अजून, बाबा!"

"आसं सांगा की मंग!" म्हणत बाबा हसत उठले.

*

लोकसंख्येचे मी तीन अंदाज काढले. कमी, मध्यम, जास्त. मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी विचारलं, "डॉक्टर, यातला खरा कोणता?"

"सर, तिन्ही चुकतील."

तेव्हा नुकत्याच लागलेल्या तांबे मॅडम म्हणाल्या, "सर, लग्नात पानं धरतो तसं धरू ना. पाचशे बोलावले तर स्वयंपाक सहाशेंचा!"

साहेबांनी जास्तीचा आकडा धरला. मी आठवडाभर नीट जेवलो नाही.

*

आता ही जास्तीची पानं मांडायची कुठे? मी आणि सोनवणे गंगापूर रोडच्या बाजूला जागा बघत हिंडलो. नाल्याकाठी सरकारी पडीक तुकडा सापडला. मोकळा, रस्त्याला लागून. मी खूश.

तिथे एक काकू शेळ्या राखत होत्या. "काय मोजताय, सायेब?"

"इथे घरं होणार, काकू."

"हितं? आवो, हितं बेडकं ऱ्हात्यात, तीबी बिनभाड्याची!"

मी नकाशा उघडला. "बघा, उतार कुठे दिसतोय? जमीन सपाट आहे."

"मंग नकाशाला एकदा पावसाळ्यात घिऊन या!"

परतताना मी सोनवण्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मी फक्त रंग भरतो, सर."

आकडे बसवायचे होते. मी तुकडा पिवळाच ठेवला.

*

नकाशावर सह्या व्हायच्या आदल्या दिवशी सोनवणे माझ्या टेबलापाशी आले. चेहरा पडलेला. "सर, बाटली लवंडली."

त्या तुकड्यावर हिरवा रंग! कडा वेड्यावाकड्या, एक ओघळ पार नाल्यापर्यंत. मी आयुष्यात कुणावर इतका ओरडलो नसेन. सोनवणे मान खाली घालून उभे. पुसायला गेलं तर कागद फाटणार, नवा करायला वेळ नाही.

साहेब आले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "डॉक्टर, शहरात हिरवा रंग असा फुकट सांडत नसतो. राहू द्या!"

मग मी आणि तांबे मॅडमनी ती घरं रस्त्यापलीकडच्या उंचवट्यावर बसवली. बैठकीत कुणीतरी विचारलं, "हे उद्यान इथे कसं काय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांचा अभ्यास आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे लिहिताना आजही लाज वाटते.

*

निवृत्तीनंतर मी त्याच उंचवट्यावर फ्लॅट घेतला. एका पावसाळ्यात नाला फुगला. उद्यानात घसरगुंडीची अर्धी शिडी बुडेल इतकं पाणी, आणि आमच्या पार्किंगमध्ये एक थेंब नाही! शेजारी गॅलरीतून म्हणाले, "इथे बाग ठेवणाऱ्याचे पाय धरले पाहिजेत हो!"

मी घरात येऊन सोनवण्यांना फोन लावला. आभार मानले.

"माझे कशाचे, सर? बाटली लवंडली व्हती. तुम्ही मला लय बोलला व्हता!"

"तुम्ही मुद्दाम..."

"सर, मी फक्त रंग भरतो," म्हणाले, आणि सटाण्याकडे डाळिंबांना यंदा बहार कसा आहे ते सांगत बसले.

*

मागच्या वर्षी तांबे मॅडमचा फोन आला. आता त्याच आमच्या जुन्या ऑफिसातल्या मोठ्या अधिकारी. "सर, जुने नकाशे स्कॅन करायला काढलेत. सह्या ओळखायला या ना."

गेलो. तो नकाशा निघाला. माझी सही, साहेबांची सही, आणि तो हिरवा डाग, ओघळासकट. मी भिंग मागितलं. मॅडमनी नकाशा खिडकीच्या उजेडात धरला.

डागाच्या मधोमध पेन्सिलीनं काढलेला एक बेडूक होता. अंगठ्याच्या नखाएवढा.

रंगाच्या वर नव्हे, खाली. मी तीनदा तपासलं.